डाळिंबी कोट

शोभनावहिनी घरातून बाहेर आल्या आणि मी गाडीचं दार उघडता उघडता थांबलो. त्यांच्या अंगात माझ्या बायकोचा, सुलेखाचा कोट होता. डाळिंबी रंगाचा, लोकरीचा. चौथं बटण काळं. मूळचं हरवलं तेव्हा घरात सापडलं ते काळं तिनं लावून टाकलं होतं. "चौथं बटण कोण बघतंय?" असं म्हणाली होती.

"भाऊजी, तुम्ही समोर बसा ना," वहिनी म्हणाल्या.

"नको. नकाशा तुम्हीच बघा."

"हिच्या हातात नकाशा?" त्यांचा नवरा दिगंबर हसला. "मागच्या वेळी मॉन्टरेला निघालो आणि सॅक्रामेंटो बघून आलो."

"एक्झिट तुम्ही मिस केली होती. मी ओरडून ओरडून दमले."

मी मागे बसलो. फ्रीमाँटहून उत्तरेला जायचं, द्राक्षमळ्यांच्या खोऱ्यातून समुद्र गाठायचा, रात्री मोटेलमध्ये राहायचं आणि दुसऱ्या दिवशी परत, असा दिगंबरचा बेत होता. तो आणि मी नागपूरच्या एकाच वस्तीतले. इथे तो कंपनीत इंजिनिअर आहे, मी कारखान्यात मशीनवर. सुलेखा मार्चमध्ये गेली, तेव्हापासून दर रविवारी तो मला घराबाहेर काढायला बघत होता. दूर कॅरी गावात राहणाऱ्या माझ्या मुलीचाही फोन आला, "बाबा, जस्ट गो." म्हणून निघालो.

कोट वहिनींनी चोरला नव्हता. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे ती गेल्यानंतरच्या वंदनेच्या दिवशी मीच सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "कर्मकांड नको आणि आठवणींचं कपाटही नको. तिचे कपडे वापरात येऊ द्या." बायकांनी साड्या नेल्या. कोट वहिनींनी नेला. तेव्हा मला बरं वाटलं होतं. तो कोट कधीतरी उठून चालायला लागेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

हायवे सोडून आम्ही वळणांच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना वेली तारांवर चढवलेल्या होत्या, पानं पिवळी पडायला लागली होती. वहिनींनी संत्रं सोललं. दिगंबरची नजर रस्त्यावर, तोंड उघडं. त्या एकेक फोड त्याच्या तोंडात घालत होत्या आणि तो बी त्यांच्या तळहातावर टाकत होता.

"हळू चालवा. पोटात ढवळतंय."

"तीसने चाललोय यार. याहून हळू म्हणजे उतरून ढकलू का?"

"ढकला. तेवढीच शुगर कमी होईल."

मला त्यांच्या भांडणाचा हेवा वाटला. संत्र्याचाही वाटला, पण भांडणाचा जास्त. माझ्याशी आता कुणी भांडत नाही. सगळे समजुतीनं बोलतात.

दुपारी एका मळ्यात थांबलो. तिथे वाइनच्या द्राक्षांचा नुसता रसही चाखायला देतात, असं दिगंबरनं ऐकलं होतं. आमच्या तिघांचंही पंचशील, वाइन कुणीच घेणार नव्हतं. काउंटरवरच्या मुलीला वहिनींनी तीनदा विचारलं, "नो अल्कोहोल, राइट?"

"पंचशील सांभाळायचंय आणि ड्रायव्हिंग लायसन्सही," दिगंबर मला म्हणाला.

मुलीनं रस वाइनच्याच ग्लासांत ओतला. शेजारचे लोक ग्लास गोल फिरवून वास घेत होते. दिगंबरनंही दांडी धरून ग्लास फिरवला. दुसरा हात वहिनींच्या खांद्यावर टाकला. "बघ धर्मा, कसा साहेब दिसतो!"

मला साहेब दिसला नाही. मला सुलेखाच्या कोटावर दुसऱ्याचा हात दिसला. मी मागे उभा होतो, वहिनींचा चेहरा मला दिसत नव्हता. नुसता कोट आणि हात.

त्यानं ग्लास आणखी जोरात फिरवला. रस उसळून बाहीवर सांडला.

"अरे, तिचा कोट आहे तो! काढ हात!"

मी मराठीतच ओरडलो, पण काउंटरवरचे सगळे वळले. मुलीनं ओला नॅपकिन पुढे केला.

"तूच दिला होतास ना..." दिगंबर म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा." वहिनींनी कोट उतरवला, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिला. "घ्या भाऊजी. आज घालायच्या आधी विचारायला हवं होतं मी."

मी नको म्हणायला हवं होतं. मी कोट घेतला.

पुढे रेडवूडच्या उंच झाडांचं जंगल लागलं. भर दुपारी अंधारल्यासारखं झालं. उरलेलं अर्धं संत्रं डॅशबोर्डवर तसंच पडलं होतं. एका फाट्यावर दिगंबर चुकीच्या रस्त्याला वळला, तरी वहिनी काही बोलल्या नाहीत. त्याला स्वतःलाच कळलं तेव्हा तो मागे फिरला.

कोट माझ्या मांडीवर होता. मी कॉलर नाकाशी नेली. वहिनींच्या तेलाचा वास आला, दुसरा कुठलाच नाही. मग खिशात हात घातला. काय सापडेल असं वाटलं होतं, ते सांगता येत नाही. सापडली ती प्लॅस्टिकची छोटी पिशवी, आत ग्लुकोजच्या गोळ्या. दिगंबरची साखर एकदम उतरली तर द्यायला. मी पिशवी जिथल्या तिथे ठेवली आणि खिशावर हात ठेवून बसलो.

समुद्राशी पोचलो तर धुकं आणि बोचरा वारा. वहिनी पातळ पंजाबी ड्रेसवर हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. दिगंबरनं आपलं जाकीट त्यांच्या अंगावर टाकलं आणि स्वतः कुडकुडायला लागला.

मी कोट पुढे केला. "वहिनी, घाला."

"नको भाऊजी. राहू द्या तुमच्याकडे."

"खिशात याच्या गोळ्या आहेत. त्या तुमच्याजवळच पाहिजेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जाकीट नवऱ्याला परत दिलं, कोट घातला आणि सगळी बटणं लावली. काळंही. बाहीवरचा डाग अजून ओला होता.

कड्याच्या बाजूनं पायवाट होती. वहिनी पुढे निघाल्या. दिगंबर दोन हात अंतर ठेवून चालत होता, हात पाठीमागे बांधून. एवढ्या वर्षांत मी त्याला असं चालताना पाहिलं नव्हतं.

"दिगंबर, धर त्यांना. वाट निसरडी आहे."

तो थांबला.

"धर म्हणतो ना, बे!"

त्यानं त्यांच्या खांद्यावर हात टाकला. ते माझ्या मनाला मघाइतकंच लागलं. पुढे धुक्यातून वहिनींचा आवाज आला, "अहो, पायाखाली बघा जरा!" तो काहीतरी पुटपुटला. मग त्या आणखी काही बोलल्या.

डाळिंबी रंग हळूहळू करडा होत गेला. मी त्यांच्या मागून वाटेच्या कड्याकडच्या कडेनं चालत राहिलो, आतल्या अंगाला एका माणसापुरती वाट सोडून.