पान किती काळं

अशी कल्पना करा बाळांनो, की तुम्ही आठ महिने पियानोवर एकच रचना घोटताय. डावा हात दहा-दहा पट्ट्यांवरून झेपा घेतोय आणि उजव्याने मात्र असं हळुवार वाजवायचंय, जणू शेजारच्या खोलीत कुणी गुणगुणतंय. मग एक माणूस येतो, वहीकडे नुसता बघतो आणि म्हणतो, "सोपं आहे!"

चिमणी नावाच्या मुलीचं अगदी तसंच झालं. वरच्या वर्गात जायला सहाव्या पातळीची रचना लागायची आणि पातळी ठरवणारे परीक्षक खिडकीशी बसून बिस्किटं खात होते. अंगठा जिभेला लावायचा, पान उलटायचं, पुन्हा अंगठा जिभेला. चिमणीच्या वहीवर ओले, तुपकट ठसे उमटत होते. तिच्या पियानोच्या बाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी आपली खुर्ची जरा मागे सरकवली.

"रोमँटिक काळातली ना ही?" परीक्षक म्हणाले. "त्या काळच्या रचना कशा सुरांनी गच्च भरलेल्या! पण हे पान पांढरंफटक आहे हो! सूर मोजून चार. पातळी तीन."

बाईंनी दुसऱ्या मुलाची वही पुढे केली. "आणि ही?"

"वा! सुरांनी पान कसं काळंभोर! नऊ."

"अहो सर, त्यात बोटांची एकच ठेवण वर-खाली पळते. हात बसला की पंधरा दिवसांत येते. हिच्या रचनेत एक सूर जरा जोरात पडला की सगळं गाणं मेलं. वाजवून बघितलंत का कधी?"

"वाजवायला वेळ कुणाला आहे, बाई? तीस वर्षं बघतोय. नजर तयार झालीय."

तीस वर्षं! बाईंना शिसारी आली, आणि ती एकट्या त्या अंगठ्याची नव्हती. याच माणसाने ठरवलेल्या पातळ्यांच्या याद्या त्या दरवर्षी वर्गाच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने चिकटवत आल्या होत्या. किती मुलांना त्यांनी सांगितलं होतं, "तुझी रचना सोपी होती रे."

परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं.

चिमणी उठली. त्यांच्या मांडीवरची आपली वही तिने उचलली, पियानोवर उभी केली आणि स्टूल फिरवून फिरवून मोठ्या माणसाच्या उंचीला आणलं.

"या ना सर, पहिल्या दोनच ओळी," ती म्हणाली, आणि फ्रॉकच्या खिशातून रुमाल काढून त्यांच्यापुढे धरला. "पण आधी हात पुसा."