पुढच्या चाकांतली हवा

"काका, तुम्हाला नीट दिसतं ना?"

मी हे सगळ्यांसमोर विचारूच शकणार नाही, अशी माझ्या मैत्रिणीने, शिराझने, पैज लावली होती. मी विचारलं! ऐन द्राहम गावचा घाट उतरल्यावर, चहाच्या टपरीवर, आमच्या जुन्या गाड्यांच्या अख्ख्या ताफ्यासमोर. सगळे खो खो हसले. तिजानीकाकाही हसले, पण चहाचा पेला त्यांनी तसाच खाली ठेवला.

तिजानीकाका बेजा शहरातल्या पोस्टातून निवृत्त झालेले कारकून. बायको गेलेली, मूलबाळ नाही. आहे ती एक निळी गाडी, माझ्या बाबांपेक्षाही वयाने मोठी. दर रविवारी ताफ्यात पहिली तीच. वळणापलीकडे मेंढ्या असोत की दगड, काकांचा हात खिडकीबाहेर यायचा आणि मागच्या सगळ्या गाड्या मुकाट हळू व्हायच्या. आज मात्र निळी गाडी प्रत्येक वळणावर ढुंगण फेकत होती. एकदा तर कठड्याला घासता घासता वाचली.

मोठी माणसं लगेच गाडीखाली घुसली. कुणी चाकं धरून हलवली, कुणी स्प्रिंगा दाबून पाहिल्या. काही सापडेना.

"गाडीला काही झालेलं नाही रे," काका हात पुसत म्हणाले. "पोरगी बरोबर बोलली. मीच म्हातारा झालो. नौफेल, आता तू हो पुढे."

बाबांनी खूप आढेवेढे घेतले, पण परतताना पुढे आमचीच गाडी होती. काका सगळ्यांच्या मागे, काच वर करून. शिराझने मला टाळी दिली. मीही दिली, काय सांगू!

संध्याकाळी आई शोरबा वाढत होती.

"तिजानीदादा गाडी विकतायत," बाबा म्हणाले. "उद्या सकाळी गिऱ्हाईक येतंय. म्हणाले, उद्या माझ्यामुळे कुणी दरीत गेलं तर?"

"अहो, पण नीट बघितलंत ना सगळं? चाकांत हवा होती?"

"ती कशाला बघायची? सकाळी आपल्या दोर्रानंच भरली सगळ्यांची!" बाबांनी कौतुकाने माझ्या पाठीवर थाप मारली. "त्या गाडीचं इंजिन मागे ना. मागची चाकं टणक आणि पुढची मऊच ठेवायची. नाहीतर वळणावर मागचं वजन गाडीला बाहेर ओढतं."

मी चमचा खाली ठेवला.

काकांची पुढची चाकं मला सकाळी मऊच लागली होती. 'विसरले बिचारे,' असं म्हणून मी ती मागच्यांइतकी टणक केली. विचारलं नाही, सांगितलंही नाही. पंप हातात आल्यापासून मला सगळंच येत होतं. आणि माझ्यावर विश्वास होता म्हणूनच कुणी हवा तपासली नाही.

"बाबा, मी पुढची पण टणक केली."

बाबांनी सावकाश फोन उचलला. "थांब, मी सांगतो त्यांना."

"नको, बाबा. फोन नको," मी उठले, चपला शोधू लागले. "मी चालत जातेय. आधी काकांकडे. मग ताफ्यातल्या प्रत्येकाच्या घरी. आणि तुम्ही दोघंही माझ्याबरोबर यायचं नाही."