तल्खातला बोलका रेडिओ

तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. कोणाच्या कडेवर मूल, कोणाच्या काखेत बदक, एका बाईच्या डोक्यावर तुपाचा डबा. "ढकलू नका, मेलेला माणूस कुठे पळून जातोय का?" असं म्हणत फतहिया मासेवाली सगळ्यांना ढकलत वर चढत होती. मी तिच्या मागे होतो.

नाईल नदीपलीकडे तल्खात एक मेलेला गवंडी रेडिओतून बोलतो आणि तो रेडिओ विजेशिवाय चालतो, हे मला आमच्या मन्सूरा शहरात आधी न्हाव्याने सांगितलं, मग एका गिऱ्हाइकाने. "उस्ता वहबा, आता तुम्ही दुकान बंद करा," असं वर ऐकवलंही. उस्ता म्हणजे कारागीर; चाळीस वर्षं मी रेडिओ दुरुस्त करतो आहे. विजेवाचून चालणारा काचेच्या नळ्यांचा, व्हॉल्व्हचा रेडिओ कधी पाहिला नव्हता, म्हणून पूल ओलांडून आलो.

खोलीत टेबलावर लाकडी रेडिओ होता. समोर कोचावर घरमालकीण उम्म रिफअत बसली होती. सत्तरीची बाई, उजवा पाय फडक्यात गुंडाळून उशीवर ठेवलेला. नवरा बद्रान, तोच मेलेला गवंडी, जाऊन अकरा महिने झाले होते, मुलगा रिफअत कॅनडात. तिच्याशेजारी शेख गुनैम. शेख आपला नावापुरता. मशिदीतल्या इमामसाहेबांनी त्याला दोनदा हाकललं होतं. ताईत लिहून आणि नजर उतरवून तो पोट भरायचा, आणि त्याच्या मागे खिडकीच्या गजाला लोकांनी नजराणा म्हणून आणलेली तीन बदकं आधीच बांधलेली होती.

चार वाजता वीज गेली. त्या उन्हाळ्यात ती रोजच जायची. पंखा थांबला. रेडिओच्या तोंडावरचा छोटा हिरवा दिवा, ज्याला आम्ही डोळा म्हणतो, तो मात्र तेवत राहिला.

"बघा," शेख म्हणाला, "सरकारची वीज गेली, याची गेली का? आत्म्याला मीटर नसतं, बंधूंनो. आत्म्याला बिल येत नाही. बोल बद्रान, तुझी माणसं आली आहेत."

त्याने बाहीत हात घातला, डोळे मिटले, आणि रेडिओ बोलू लागला. "फतहियाला माझा सलाम सांगा. सय्यद सुताराला सलाम. सलामा खाटकाला सलाम, त्याला म्हणावं माझ्या वाटणीची कलेजी ठेव."

फतहिया मटकन खाली बसून रडू लागली. सुतार भिंतीला टेकला.

"पण सलामा तर पंधरा वर्षांपूर्वी गेला," मागून कोणीतरी पुटपुटलं.

"मग? तिकडे शेजारीच राहत असतील दोघं," शेखने डोळे न उघडता सांगितलं.

मेलेल्याने शेजारच्या मेलेल्याला सलाम पाठवायचा, तोही तल्खातल्या जिवंत माणसांकरवी. म्हणजे समोरच्या दारात द्यायची चिठ्ठी कैरोच्या टपालाने पाठवण्यासारखंच. पण एवढा विचार करायला त्या खोलीत कोणाला सवड नव्हती.

मग उम्म रिफअत पुढे वाकली. "बद्रान, डॉक्टरीणबाई म्हणतात इस्पितळात जा, पाय सडतोय. जाऊ का?"

शेखचा हात पुन्हा बाहीत गेला.

"घर सोडू नकोस," रेडिओ म्हणाला. "मी येईपर्यंत थांब."

"ऐकलंत?" ती सगळ्यांकडे पाहत म्हणाली. तिचा चेहरा एखाद्या नव्या नवरीसारखा खुलला होता. मी मात्र आवाज ऐकताच ओळखलं होतं, रेडिओची ती पेटी मीच बनवली होती.

तीन महिन्यांपूर्वी हाच गुनैम माझ्या दुकानात आला होता, त्या वेळी डोक्याला फेटा नव्हता. हातात हा मेलेला रेडिओ आणि बुटांच्या खोक्यात अकरा कॅसेटी. "मावशी म्हातारी आहे," तो म्हणाला. "या रेडिओत काँप्युटर बसवा. गाणी, कुराणपठण, सिनेमे, सगळं त्यातच. टीव्हीला जोडता आला पाहिजे, फोनवरून चालवता आला पाहिजे. आणि वीज गेली तरी बंद पडता कामा नये." मला काम आवडलं. आतले व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर काढले, एका फुटक्या लॅपटॉपचं बोर्ड बसवलं, त्याचीच बॅटरी ठेवली, जुन्या स्पीकरला नवा कागद लावला. हिरव्या डोळ्याची नळी जळाली होती, तिच्या जागी छोटा दिवा टाकला. कॅसेटी ऐकत ऐकत हार्डडिस्कवर उतरवल्या.

त्या कॅसेटी म्हणजे पत्रं होती. बद्रान तेव्हा बगदादला बांधकामावर होता. ज्यांना लिहिता येत नसे ते कॅसेट भरायचे आणि गावी निघालेल्याच्या हातात द्यायचे. आमच्याकडची रीतच अशी की पहिली पाच-सात मिनिटं नुसते सलाम. गल्लीतलं एकही नाव सुटता कामा नये. ज्याचं सुटेल तो वर्षभर रुसायचा. म्हणून त्या अकरा कॅसेटींत अर्धं तल्खा नावानिशी होतं.

मला सलाम पाठवणारं कोणी नाही. बायको गेली, मूलबाळ नाही, दुकानाच्या मागच्याच खोलीत मी राहतो. त्या महिनाभर बद्रान माझ्याशी बोलत होता असंच मला वाटायचं. काम संपल्यावरही मी त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवून घेतली आणि रोज जेवताना लावू लागलो. या कॅसेटी कोणाच्या, याची मी चौकशी केली नाही. हे मी आज कबूल करतो, त्या दिवशी केलं नाही. खाली मान घालून जिना उतरू लागलो.

दारात डॉक्टर माग्दा भेटली, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातली; आमच्याकडे औषधवाल्यांनाही डॉक्टरच म्हणतात. हातात मलमपट्टीचं सामान होतं. "तुम्हीही दर्शन घेऊन आलात?" ती म्हणाली. "बरं केलंत. साखर चारशेवर आहे तिची. अंगठा काळा पडलाय. गुरुवारपर्यंत इस्पितळात नेली नाही तर पाय गुडघ्यापासून जाईल. मी सांगून थकले, पण माझ्याशी रेडिओ बोलत नाही ना."

"आज वार कोणता?" मी विचारलं.

"मंगळवार."

त्या संध्याकाळी मला बद्रान लावून जेवता आलं नाही. दुसऱ्या दिवशी चारच्या आधी मी माग्दाला घेऊन परत जिना चढलो. गर्दी तेवढीच, बदकं पाच झाली होती. वीज गेली, शेखने डोळे मिटले.

"शेखसाहेब, आज मी सांगतो तो काय बोलेल ते," मी म्हणालो.

"हा कोण?"

"पेटी बनवणारा." मी माझा फोन काढला. पेटीतल्या कॅसेटी मीच भरल्या होत्या, गुनैमने त्यांचे हवे तसे तुकडे केले होते, आणि पेटीचा परवलीचा शब्द बदलायचं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. "ऐका. आधी तो म्हणेल, सबूर कर. मग खोकेल. दोनदा. मग मागून कोणीतरी ओरडेल, चहा निवतोय रे."

मी बोट टेकवलं. रेडिओ म्हणाला, "सबूर कर." मग खोकला, दोनदा. मग लांबून एक आवाज आला, "बद्रान, चहा निवतोय रे."

लोक माझ्या फोनकडे आणि पेटीकडे आळीपाळीने पाहू लागले.

"जिन्न शिरलाय याच्या फोनात," शेख उठत म्हणाला. "तारजोड्या, आत्म्यांशी खेळू नकोस, तोंड वाकडं होईल."

"ते झालं तर माग्दाबाई औषध देतील. फतहिया, इकडे ये. इथे दाब."

फतहियाने बिचकत दाबलं. "फतहियाला माझा सलाम सांगा." तिने पुन्हा दाबलं. पुन्हा सलाम. तिसऱ्यांदा दाबून तिने फोन माझ्या हातात कोंबला आणि शेखकडे वळली. "माझं बदक सोड आधी," ती म्हणाली.

मी मागची फळी चार स्क्रू काढून उघडली. बोर्ड, हार्डडिस्क, बॅटरी, दिवा, एकेक बोटाने दाखवलं. वीज गेल्यावर हे का चालतं, ते सांगितलं. सुताराने शेखची बाही धरून झटकली, तिच्यातून दुसरा फोन जमिनीवर पडला. लोक हसले. शेख जिना उतरून गेला तेव्हा त्याला कोणी अडवलंही नाही, सगळे पेटीत डोकावत होते.

उम्म रिफअत मात्र जागची हलली नव्हती. "शेख म्हणाला होता, रेडिओबरोबर दुरुस्तीला नेलेल्या कॅसेटी ओल लागून गेल्या," ती म्हणाली. "पण घर सोडू नकोस म्हणाला तो. ते तर बद्रानच म्हणाला."

"म्हणाला. पूर्ण ऐका." मी सातवी कॅसेट लावली.

"अगं, आई घालूनपाडून बोलली हे कळलं मला. पण म्हणून रागाने माहेरी निघून जाऊ नकोस. घर सोडू नकोस. मी येईपर्यंत थांब. ईदला येतोच आहे."

"तूप करपलं होतं माझ्या हातून," ती म्हणाली. "त्यावरून भांडण. अठ्ठावीस वर्षं झाली." मग माझ्याकडे वळली. "आणि तू हे सगळं ऐकलंस? अकराच्या अकरा?"

"हो."

"मला न सांगता. माझ्या नवऱ्याचं बोलणं."

"हो, उम्म रिफअत."

"म्हणजे तो गेलाच," ती म्हणाली. अकरा महिन्यांपूर्वी रडली नसेल इतकी ती तेव्हा रडली. माग्दाने तिचं डोकं पोटाशी धरलं. खोटेपणा उघडा पाडताना अंगात वीरश्री वगैरे येते असं म्हणतात. मला नुसती लाज वाटली. पण अश्रू पुसून तिने आपणच विचारलं, "इस्पितळ कुठलं?" सुताराने आणि आणखी दोघांनी तिला कोचावरून खुर्चीवर घेतलं आणि खुर्चीसकट तीन मजले खाली उतरवलं.

दोन बोटं गेली, पाय वाचला. मी भेटायला गेलो, माझ्याकडच्या प्रतीचंही सांगितलं, तर ती म्हणाली, "पेटी परत जोड. सगळं क्रमाने लाव, खोकल्यासकट. आवाज कॅसेटचा आहे हे मला ठाऊक आहे, कोणी नव्याने सांगायला नको. आणि तुझ्याकडची प्रत पूस." मी पुसली. तेव्हापासून दुकानात जेवताना फक्त चमच्याचा आवाज येतो.

निघताना तिने मला थांबवलं. "उस्ता, एक सांगू? तीन आठवडे तो त्या खोलीत बोलत होता. खोलीभर माझ्या जखमेचा वास होता. अख्ख्या तल्खाला सलाम झाले, पण पाय कसा आहे असं त्याने एकदाही विचारलं नाही. माझा बद्रान तर कॅसेटमध्ये माझ्या दाढेची चौकशी करायचा. मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं."

वाचकहो, बॅटरी आणि बोर्ड तुम्हाला समजलं नाही तरी चालेल. पुढच्या वेळी एखादा मेलेला माणूस, एखादा शेख, एखादी पेटी तुम्हाला काही सांगू लागली, तर त्या बाईने लावली तीच कसोटी लावा. त्याला तुमची आजची जखम दिसते का? दिसत नसेल तर तो तुमच्याशी बोलतच नाही, आणि त्याच्या सांगण्यावरून औषध थांबवू नका. आणि चमत्कार पाहायला जिना चढलाच असाल, तर आधी घरातल्या माणसाकडे बघा. त्या खोलीत तीन आठवडे रोज चाळीस माणसं येत होती. माग्दा सोडली तर उम्म रिफअतचा पाय कसा आहे हे कोणीच विचारलं नाही. पहिल्या दिवशी मीही नाही.