पुसलेला नाच

मी एक जुना फोन आहे. लाल धुळीने माझा आवाज कधीच बसला. कॅमेरा मात्र अजून लख्ख आहे, आणि त्याचाच मला आता राग येतो.

मित्रांनो, माझा जन्म दूरच्या कारखान्यातला, पण आयुष्य गेलं मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या एका वस्तीत, शर्लीन नावाच्या पोरीच्या खिशात. तिच्या थोरल्या मावशीचं नाव मी घेणार नाही. ती आता नाही, आणि गेलेल्या माणसाचं नाव इथे घेत नाहीत, त्याचा चेहराही दाखवत नाहीत.

मावशीच्या जमिनीत एका कंपनीला गॅसच्या विहिरी खणायच्या होत्या. तिथे कुणाचा हक्कच नाही, असं कंपनी सांगत सुटली होती. इथल्या बायका आपल्या जमिनीची नक्षी अंगावर रंगवतात आणि तिच्यावरचा हक्क नाचून दाखवतात. शहरातल्या लोकांनी ते पाहून ओरड केली, तरच परवानगीच्या सरकारी सुनावणीत या बायकांना कुणी विचारणार होतं. म्हणून म्हाताऱ्यांनी उघड्या छातीवर गेरूचे पट्टे ओढले आणि त्या भर उन्हात नाचल्या.

“नीट घे गं पोरी,” मावशी शर्लीनला म्हणाली. “त्या गोऱ्या साहेबांना कळू दे, घरात माणसं आहेत!”

मी जीव ओतून चित्रण केलं. शर्लीनने ते एका बड्या समाजमाध्यमावर टाकलं. लोक वाहवा करू लागले, मी फुलून गेलो. संध्याकाळच्या आत चित्रण गायब! अश्लील म्हणे. वर शर्लीनला काही टाकायची बंदी. बघायची तेवढी मुभा.

“अश्लील? मी?” मावशी पोट धरून हसली. “या वयात एवढं कौतुक!” मग तिचं हसू मावळलं. “समुद्रावर चिंधी लावून लोळणाऱ्या त्यांच्या पोरी चालतात. आमची जमीन अंगावर दिसली की डोळे दुखतात मेल्यांचे.”

शर्लीनने खूप विनवण्या केल्या. पलीकडे माणूस होता की यंत्र, देव जाणे. उत्तर एकच यायचं. गॅस कंपनीची हसऱ्या चेहऱ्यांची जाहिरात मात्र माझ्याच पडद्यावर रोज झळकायची, आणि मला ती दाखवावी लागायची. सुनावणीत बायकांना कुणी विचारलं नाही. कंपनीला परवानगी मिळाली. त्याच थंडीत मावशी गेली.

वस्ती अजून शोकात होती, तोच माझा पडदा उजळला. ‘आमची चूक झाली. तुमचं चित्रण पुन्हा दाखवत आहोत.’ आणि मावशी साऱ्या जगासमोर नाचू लागली.

“बंद कर! बंद कर ते!” शर्लीनची आई किंचाळली. बायकांनी तोंडं फिरवली. शर्लीनने रडत रडत आधी तिथलं, मग माझ्या पोटातलं चित्रण स्वतःच्या हाताने पुसलं. दुसरी प्रत नव्हती.

मित्रांनो, कुणाचं तोंड बंद करायचा अधिकार कधी तुमच्या हाती आला, तर आधी ते माणूस काय सांगतंय ते ऐका, आणि ते जिवंत असताना ऐका.

त्या माफीच्या निरोपाखाली एक प्रश्न अजून तसाच आहे: ‘आमच्या सेवेवर तुम्ही समाधानी आहात का?’ शर्लीनने कुठलंच बटण दाबलेलं नाही.