बाजेला पडलेला झोळ

माझं कुणी खरं मानलं नाही. मी जिवनबाईच्या अंगणातली बाज बोलतेय. करकरून सांगत होते, तर म्हणाले हीच म्हातारी झाली.

डोंगरकड्याजवळच्या तांड्यावर माझं सारं आयुष्य गेलं. बाभळीचे पाय, सुंभाची वीण, पायथ्याला ताणायची दोरी. जिवनबाई बाळंतपणात माझ्यावरच निजली आणि तिची लेक निलम माझ्यावरच पालथी पडायला शिकली. नवरा सुदाम ट्रकवरून आला की बूट न काढता आडवा व्हायचा. तेही सोसलं.

निलम कबड्डी खेळायची. खेळून आली की माझ्यावर धपकन पडायची, माझे पाय हलायचे. मला बरं वाटायचं.

मग तिला न्हाण आलं. जिवनबाई म्हणाली, "आता खेळणं बंद. लोक बोलतेत." पोरगी रडली. रडं थांबंना, तर हातात मोबाईल दिला. "हे घे अन् घरात गप पडून राहा."

ती गप पडली. एकाच जागी, एकाच कुशीवर. शाळेची वेळ झाली की पोट दुखायचं. भाकर उशाशी वाळायची. दुसऱ्या पोरींचे व्हिडिओ बघायची, मग आपलं तोंड बघायची, मग डोक्यावरून चादर ओढायची. कुणी फोनवर वाईटसाईट लिहिलं की तिचं अंग थरथरायचं, ते फक्त मला कळायचं. पोरगी वाळत चालली अन् माझ्यात झोळ पडत चालला.

शेजारीण म्हणायची, "किती अभ्यास करून राहिली पोरगी." जिवनबाई फुगायची.

पुढं निलम कुणाशी धड बोलेनाशी झाली, तेव्हा पहिला दोष माझा निघाला. माझ्यात ढेकूण असतील, म्हणून पोरीला झोप नाही. उकळतं पाणी ओतलं माझ्यावर. एकही ढेकूण निघाला नाही. मग नजर लागली म्हणाले. मग शाळेतल्या मास्तराला शिव्या.

आज जिवनबाईनं मला ताणायला काढलं. हे काम दोघींचं, एकीनं ओढायचं अन् एकीनं धरायचं.

"निलम, धर गं."

तिनं एका हातानं धरलं. दोरी सटकली.

"दुसरा हात कुठंय?"

"मोबाईल हाय त्यात. ठेवू कुठं?"

"ठेव माझ्या डोक्यावर."

निलमनं तो खाली ठेवला. दोन्ही हातांनी धरलं, तरी दोरी सटकली.

"पोरींना फरफटत नेत होतीस खेळात. जोर कुठं गेला तुहा?"

"तूच बंद केलं ना, याडी." तांड्यावर आईला याडी म्हणतात.

"मग लोकाईच्या तोंडाला कुलूप लावू का?"

"मला लावलं ना."

जिवनबाईच्या हातातली दोरी सुटली.

"मोबाईल ठेवला की छातीत धडधडतं," निलम म्हणाली, "अन् बघितला की रडू येतं. मी येडी होऊन राहिले का, याडी?"

"न्हाई माय." जिवनबाई मातीत बसली, लेकीचे हात आपल्या हातात घेऊन.

सुदाम दारातून ऐकत होता. तो आला अन् मोबाईल उचलून दगडावर आपटायला निघाला. जिवनबाई आडवी आली.

"फोडून लेकरू बरं व्हत न्हाई. उद्या हिंगोलीला डाक्टरकडं नेते मी. अन् शाळेत सांगते, हिला परत खेळायला घ्या."

मी अर्धी सैल, अंगणात पडून आहे. बायांनो, तुमच्या घरी बाजेला एकाच जागी झोळ पडला, तर आधी लेकराजवळ बसा. मला नंतर बोला.

सुदाम अजून ओरडतोय, "पण ह्या नादाला लावलं कुणी हिला? नाव सांग मला."

लेकीचा हात न सोडता ती म्हणाली, "जिवनबाई."