इनासची लादीन

वैशाख उतरत चालला होता. समुद्राकडून येणारा खारा वारा केळीच्या बागांत शिरत होता, रुंद हिरव्या पानांच्या चिंध्या करत होता, आणि बागांना पाणी पाजणाऱ्या बावखलाच्या निश्चल जळावर सायंकाळचं सोनं हलकेच हलवत होता. पानवेलींच्या मांडवाखाली हरितश्यामल अंधार लवकर उतरायचा. वाडीच्या वाटेवर मात्र तांबूस उजेड रेंगाळत राहायचा. वसईच्या किनाऱ्यावर मे महिना असाच जातो, घामाने भिजलेला आणि मोगऱ्याने माखलेला.

हा महिना येशूच्या आईचा, मरियेचा. वाडीच्या तिठ्यावर चुन्याने रंगवलेला दगडी क्रूस आहे. मे महिन्याच्या संध्याकाळी त्याला हार चढतात, पायरीवर मेणबत्त्या लागतात, आणि सगळी वाडी जमून लादीन गाते. लादीन म्हणजे मरियेच्या नावांची माळ. एकाने नाव गायचं, सगळ्यांनी उत्तर द्यायचं. हे पहाटताऱ्या, असं तो एकटा आळवणार. आमच्यासाठी प्रार्थना कर, असं सारी वाडी म्हणणार.

तो एकटा म्हणजे इनास तुस्कानो. डोक्यावर काळे केस होते तेव्हापासून तोच.

बोलण्यात इनास तसा मुखदुर्बळच. केळीचा भाव करायचा तर व्यापाऱ्यापुढे बायकोला, कातरीनला उभी करायचा आणि स्वतः घड मोजत बसायचा. पण क्रुसापुढे उभा राहिला की त्याच गळ्यातून घनगंभीर, मेघश्यामल असा स्वर उठायचा, आणि चुलीपाशी बसलेल्या बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या. हा आवाज आपला नव्हे, असं इनासला मनोमन वाटायचं. कुणीतरी आपल्या गळ्यात मुक्कामाला येतं, लादीन संपली की उठून जातं. त्या कुणाला तो देव म्हणायचा. याहून जवळची ओळख त्याने कधी मागितली नव्हती.

यंदा ईस्टरआधीच्या उपासकाळात त्याच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली आणि तिच्यासोबत आवाजाची पेटीही काढली. जीव वाचला. आता श्वास नाकातून जात नाही. गळ्याच्या तळाशी ठेवलेल्या छिद्रातून येतो नि जातो. नाकाने वारा ओढता येत नाही, म्हणून वासही गेला. अंगणात मोगरा पांढराशुभ्र फुलायचा आणि इनासच्या लेखी ती नुसती फुलं असायची.

देवाचं घरच पाडलं, मग देव राहणार कुठे? हा एकच प्रश्न त्याच्या मनात घर करून बसला. तो कुणाला विचारायची सोयही उरली नव्हती.

शुक्रवारी फादर आजाऱ्यांसाठी कम्युनियन घेऊन यायचे. चंद्रकोरीसारखा, शुभ्र, पातळ असा त्या पवित्र भाकरीचा तुकडा ते इनासच्या जिभेवर ठेवायचे आणि वर चमचाभर पाणी द्यायचे. पूर्वी तो घास घेताना इनासच्या छातीत ऊब पसरायची. आता घास उतरताना दुखायचं, आणि दुखण्यापलीकडे काहीच जाणवायचं नाही. त्याची त्याला लाज वाटायची. देव पाहुणा आलाय आणि आपण ओळख दाखवत नाही, असा तो खाली मान घालून बसायचा.

फादर म्हातारे होते. त्यांनी असे खूप चेहरे पाहिले होते.

“जाणवलं नाही म्हणून तो आलाच नाही, असं नसतं रे इनास,” ते म्हणाले, आणि चहा न पिता बराच वेळ त्याचा हात हातात धरून बसले.

संध्याकाळी कातरीन पवित्र शास्त्र वाचायची. पूर्वी इनास वाचायचा आणि ती कोलिमाची बारीक मासळी निवडत ऐकायची. आता उलटं झालं होतं. जोडाक्षर आलं की ती अडखळायची, बोट ठेवून पुन्हा वाचायची, आणि अर्थ लागला की स्वतःशीच मान डोलवायची. एके दिवशी पान उघडलं ते जखऱ्याचं. वृद्ध याजक जखऱ्या मंदिरात धूप जाळायला गेला, तिथे देवदूत दिसला, त्याने देवदूताच्या शब्दावर शंका घेतली आणि तो मुका झाला. मुका हा शब्द तोंडातून गेला आणि कातरीनचं बोट तिथेच थांबलं. तिने पुस्तक मिटलं.

“मेलं भलतंच पान उघडलं,” ती म्हणाली.

इनासने हाताने खूण केली, वाच. ती वाचू लागली, आणि तो छपराकडे बघत राहिला. जखऱ्याने शंका घेतली होती. मी काय केलं होतं? जखऱ्याची वाचा पुढे परत आली. माझी येणार नाही, हे डॉक्टरने तोंडावर सांगितलं आहे. हे सगळं त्याच्या डोळ्यांत इतकं स्पष्ट लिहिलं होतं की कातरीनला तिथे एकही जोडाक्षर अडलं नाही. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“तो आत अडकला तरी लोक बाहेर थांबले होते, असंपण लिवलंय बघा,” ती म्हणाली. “कोणी घरी नाय गेलं.”

मे महिना संपत आला तरी वाडीत लादीन झालीच नव्हती. क्रुसापुढे नुसती जपमाळ व्हायची. बावतीस, इनासचा बालमित्र, लादीनीला व्हायोलिन वाजवायचा. तो सांगायचा की तार तुटलीय, मिळत नाही. तार मिळायला महिना लागत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण सगळी वाडी गंभीर चेहऱ्याने मान हलवायची, हो बाबा, हल्ली तारा कुठे मिळतात.

महिना सरायच्या आदल्या दिवशी बावतीस इनासच्या ओट्यावर येऊन बसला.

“तार मिळाली,” तो म्हणाला. “उद्या लादीन. तू येतोस.”

इनासने मान हलवली. नाही.

“मग नाव कोण घेणार, मी? अरे, मी गायलो तर म्हशी दावं तोडतील.”

इनास हसला. हसण्याचाही आवाज आला नाही, नुसता गळ्याशी वारा फुसफुसला, आणि तो ऐकून त्यालाच रडू फुटलं. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. बावतीस तसाच बसून राहिला. उठताना एवढंच म्हणाला, “तू नुसता ये. पुढचं आमच्यावर सोड.”

दुसऱ्या दिवशी कातरीनने ठेवणीतलं लाल लुगडं नेसलं आणि ती दारातच थांबली. “तुमी नाय आलात तर मीपण नाय,” म्हणाली. बायको नटून दारात उभी राहिली की भल्याभल्यांचं काही चालत नाही, तिथे बिचाऱ्या इनासचं काय चालणार?

ते पोचले तेव्हा दिवस समुद्रात बुडत होता. आकाश केशरी, मग गुलाबी, मग जांभळट होत चाललं होतं. मेणबत्त्यांच्या ज्योती वाऱ्याला बिलगून उभ्या होत्या. हारांच्या शुभ्रतेखाली क्रूस दिसेनासा झाला होता. इनास मागे, जास्वंदीच्या कुंपणाशी उभा राहिला. पण माणसं बाजूला सरली. मधे क्रुसापर्यंत वाट झाली. पायरीजवळची त्याची जागा मोकळी होती. आता मागे फिरणं म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पळणं. तो चालत गेला.

बावतीसने गज फिरवला. लादीनीचा पहिला स्वर उठला, थरथरला, थांबला. आता नाव यायला हवं होतं.

कुणीही गायलं नाही.

इनासने बावतीसकडे बघितलं. बावतीस त्याच्या ओठांकडे बघत होता. फादर मान लववून उभे होते. म्हातारी माणसं, कडेवरची मुलं, नव्या सुना, सगळी वाडी गप्प होती, आणि त्या गप्प राहण्यात कसलीही घाई नव्हती. सवयीने, केवळ सवयीने, इनासचे ओठ हलले. पहिलं नाव त्याने गायलं. आवाज नव्हताच, गळ्यातून नुसता वारा गेला.

ओठ मिटले तसा बावतीसने गज खाली झुकवला, आणि वाडीने उत्तर दिलं: आमच्यासाठी प्रार्थना कर.

इनासने मान वर केली. त्याने दुसरं नाव घेतलं. वाडीने उत्तर दिलं. तिसरं घेतलं, चौथं घेतलं. पहाटताऱ्याचं नाव आलं. या नावावर इनास दर वर्षी लांबण लावायचा, स्वर चढवायचा, फिरवायचा, उतरवायचा, आणि मुलं कंटाळून एकमेकांना चिमटे काढायची. आताही त्याचे ओठ उघडेच राहिले; निःशब्द स्वर चढू लागला, फिरू लागला, उतरू लागला. आणि वाडी थांबली. एकाही माणसाने घाई केली नाही. चढण संपेपर्यंत थांबली, वळण संपेपर्यंत थांबली, शेवटचा हेलकावा संपेपर्यंत थांबली. तो स्वर प्रत्येकाला ऐकू येत होता. सगळ्यांना पाठ होता.

मग उत्तर आलं, एका वाडीचं, एका श्वासाचं, आणि इनासच्या छातीत ऊब पसरली. देव कुठेच गेला नव्हता. गळ्यात तो कधीतरीच यायचा. राहायला होता तो इथे, या माणसांत.

इनासच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्याने ते पुसलं नाही. समुद्र काळा झाला, वारा पडला, ज्योती सरळ झाल्या. त्याने पुढच्या नावासाठी श्वास घेतला, आणि वाडी पुन्हा थांबली.