न्यायासन वाढतं

न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, की उच्च न्यायालयाचं न्यायासन लांब होतं. माझ्या भावाच्या, हेरंबच्या खटल्यात ते सकाळपासून सारखं वाढत होतं.

खालच्या कोर्टाने त्याला फाशीची शिक्षा सुनावली होती. ती कायम करायची की नाही, हे इथे ठरणार होतं. राज्यात याच्या वर कोर्ट नाही. खून झाला त्या संध्याकाळी हेरंब माझ्या स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसला होता. आमच्या वकिलांना, कामेरकरांना, हे सांगून सांगून मी थकले.

"बाई, इथे साक्ष होत नाही," ते म्हणाले. "इथे फक्त कागद वाचतात. खालच्या कोर्टात आलं नाही, ते इथे नाही."

खालच्या कोर्टात मला कुणी बोलावलंच नव्हतं. माझा नुसता जळफळाट होत होता.

दोन न्यायमूर्तींचं पटेना, म्हणून तिसरे आले. त्यांना दोघांचंही पटलं. मग लाकूड करकरलं, आसन लांबलं आणि लाल पट्टा लावलेला चोपदार बाकांवरची माणसं उठवून वर नेऊ लागला. बसलं की अंगावर काळा झगा यायचा. मतं पुन्हा निम्मी निम्मी. पुन्हा करकर. सरकारी वकील वर गेले. कामेरकरही फाईल मिटून गेले आणि वर बसल्यावर त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आता आसनाची टोकं दिसत नव्हती.

शेवटी खाली मी, हेरंब आणि चोपदार एवढेच उरलो. वर एक खुर्ची रिकामी होती.

"चला," चोपदार म्हणाला.

"अहो, मी त्याची बहीण आहे."

"वर कुणी कुणाचं नसतं. चला."

मला तर आनंदच झाला. माझ्या एका मताने तो सुटणार होता. पिंजऱ्यातून हेरंब 'नको, नको' अशी मान हलवत होता. याला मेलं कधी काही कळलंय! मी भराभर पायऱ्या चढले.

खुर्ची गार होती. समोरचे कागद मी वाचले. सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. सुरा होता, रक्ताचा शर्ट होता, पळताना पाहणारे साक्षीदार होते. आरोपी तेव्हा दुसरीकडे कुठे असल्याबद्दल एक ओळही नव्हती. मी आठवून पाहिलं. शेंगा आठवल्या, सोलणारे हात आठवले नाहीत.

"आपलं मत?" चोपदाराने अदबीने विचारलं.

खाली पिंजऱ्यातला माणूस "ताई!" म्हणून ओरडला. तो कुणाला हाक मारतोय ते बघायला आम्ही सगळ्यांनी एकदमच शेजारी पाहिलं.